घारापुरी : मुंबईच्या समोर असूनही दूर

आम्हा शेवगावकरांना समुद्राचे दर्शन दुर्मीळ. आपल्या डोळ्यांना ठाऊक असलेले मोठे पाणी म्हणजे पैठणच्या धरणामागे पसरलेला नाथसागर. सहलीस मुंबईला गेलेले अनेक वाचक गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने घारापुरीची लेणी पाहून आले असतील. परंतु त्या बेटावर माणसे राहतात, त्यांची चूल कशावर पेटते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

घारापुरी हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील बेट. गेटवेपासून अंतर सुमारे १० किलोमीटर. लाँचने तासाभराचा प्रवास. बेटाची लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास. दोन टेकड्या, मधून दरी, काठाने खाजण आणि तिवरांची झाडी. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावे येथे आहेत. पोर्तुगिजांना धक्क्याजवळ दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

१९८७ साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि बेटाचे अर्थकारण हळूहळू त्यांच्याभोवतीच गुंफले गेले. धक्क्यावरून निघणारी छोटी आगगाडी, वर चढणाऱ्या पायऱ्यांच्या दुतर्फा माळा, मूर्ती व टोप्यांची दुकाने, काकडी-कैरी विकणाऱ्या बायका, खानावळी, वाटाडे. थोडी मासेमारी, पावसाळ्यात थोडी भातशेती. बाकी सारे पर्यटकांच्या खिशावर. सोमवारी लेणी बंद, म्हणजे त्या दिवशी विक्रीही जवळपास बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला आणि लाँच थांबल्या की दुकानदाराने काय करावे? पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नसल्याने संध्याकाळच्या शेवटच्या लाँचबरोबर गिऱ्हाईकही जाते. आपल्याकडे पावसाने पाठ फिरवली की बाजारपेठ ओस पडते. तेथे तेच लाँच करते.

खरा आश्चर्याचा भाग पुढेच आहे. एका बाजूस मुंबईचा लखलखाट, दुसऱ्या बाजूस १९८९ पासून चालू असलेले न्हावा-शेवा बंदर, शेजारी जवाहर द्वीपावर तेलाची जहाजे. आणि मधल्या या बेटावर रात्री काही तास जनरेटर, नंतर अंधार! समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून २२ फेब्रुवारी २०१८ रोजी तिन्ही गावांत कायमची वीज आली. स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. एवढ्याशा वस्तीसाठी एवढा पैसा कशाला, असे म्हणणारेही भेटतात. आमच्या मते हा हिशेब माणसे मोजून करावयाचा नसतो. तसा केला तर आपल्या वाड्यावस्त्यांवरचे खांबही उपटावे लागतील.

विजेने शीतपेट्या आल्या, मुलांना रात्री अभ्यास करता येऊ लागला. पाण्याचे मात्र तसे नाही. चारही बाजूंना समुद्र, पण पिण्याचे पाणी पावसाने साठेल तेवढेच, उन्हाळ्यात टंचाई. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भगिनींना हे निराळे सांगावयास नको. महाविद्यालयासाठी, दवाखान्यासाठी खाडी ओलांडावीच लागते.

आणि ती ओलांडणे किती जोखमीचे असू शकते, हे १८ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लाँचवर प्रवाशांनी जीवरक्षक जॅकेट घालण्याचा आग्रह धरला जाऊ लागला. सहलीस जाणाऱ्या आमच्या वाचकांनी ते जॅकेट उकाड्याची सबब सांगून काढून ठेवू नये. आणि परतताना पायऱ्यांवरच्या एखाद्या बाईकडून काकडी अवश्य घ्यावी.