गाडीला दल्ली-राजहराला जायचंय

भिलाईला ताईकडे गेलो की सकाळी सहाला भाऊजी अंगणात बादली आणि फडकं घेऊन उभे दिसतात. समोर २००८ सालची ऑडी टीटी. दोन दारांची, छपराची पाठ उतरत गेलेली, बुटकी कूपे. नंबरप्लेट सीजी ०७, म्हणजे दुर्ग जिल्हा. मागची सीट आहे म्हणायची. भाची पाच वर्षांची होईपर्यंत तिथे मावायची, आता भाजीच्या पिशव्या बसतात. भाऊजींची सगळी नोकरी भिलाई पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत लोखंडाचे नमुने तपासण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली.

“भाऊजी, रोज काय धुता?” मी एकदा विचारलं.

“धुतोय कुठे? तिला दल्ली-राजहराला जायचंय. मी जाऊ देत नाहीये.”

मला वाटलं थट्टा. पण ते रसायनशास्त्र सांगत होते.

भिलाईचं लोखंड येतं दल्ली-राजहराच्या खाणींतून, नव्वदएक किलोमीटरवरून. तिथला दगड लालसर, हेमॅटाइटचा. हेमॅटाइट म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांची गाठ. अगदी शुद्ध असेल तर शंभर किलोत सत्तर किलो लोखंड आणि तीस किलो ऑक्सिजन. ही गाठ सोडवायला डोंगराएवढी भट्टी लागते, कोक लागतो, हजार अंशांहून जास्त तापलेल्या हवेचा झोत लागतो. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केलं. तेव्हापासून हे अख्खं गाव, त्याचे सेक्टर, शाळा, इस्पितळं, सगळं त्या एका सोडचिठ्ठीवर जगतं आहे.

आणि सोडवलेलं लोखंड उघड्यावर ठेवलं की पहिल्या पावसापासून पुन्हा ऑक्सिजनकडे सरकू लागतं. गंज म्हणतो तो हाच: थोडं पाणी धरून बसलेलं लोखंडाचं ऑक्साइड, दल्लीच्या दगडाचा सख्खा भाऊ. माझी समजूत होती की गंज लोखंड खातो, म्हणजे वजन कमी होत असेल. उलटं आहे. गंजाचा एक कणही झडू दिला नाही तर गंजलेला पत्रा मूळ पत्र्यापेक्षा जड भरेल, कारण त्यात हवेतला ऑक्सिजन येऊन बसलेला असतो. जागाही जास्त लागते, म्हणून रंगाखाली फोड येतो. दाराच्या खालच्या कडेला शेंगदाण्याएवढा फुगवटा दिसला की तिथे खाण उघडली असं समजायचं.

गंमत अशी की भिलाईला स्वतःच्या मालाच्या गंजाची फारशी फिकीर नाही. इथे रेल्वेचे रूळ होतात, एकसंध १३० मीटरचे, मग जोडून २६० मीटरचे. असा रूळ मीटरला साठ किलो वजनाचा. तो ऊनपावसात बिनरंगाचा पडून राहतो, वरून तांबूस होतो, आणि त्याचं काही बिघडत नाही, कारण आत लोखंड रग्गड आहे. मोटारीचा बाहेरचा पत्रा असतो पाऊण मिलिमीटरच्या आसपास. असा पातळ पत्रा भिलाईत होतही नाही. भिलाईचीच मालक असलेल्या सेल कंपनीच्या बोकारो आणि राउरकेला कारखान्यांचं ते काम. म्हणजे भाऊजींना ज्या गोष्टीची रोज धास्ती, तिच्याकडे त्यांच्या कारखान्याने कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

या पिढीच्या टीटीत मात्र आणखी एक खुबी आहे. २००६ साली ती आली तेव्हा तिच्या सांगाड्यातलं ६९ टक्के ॲल्युमिनियम होतं आणि उरलेलं पोलाद. पोलाद कुठे? दारं, डिकीचं झाकण आणि मागची जमीन. इंजिन पुढे असल्याने नाक जड होतं, म्हणून पुढे हलका धातू आणि मागे जड, असा तोल साधला. छत्तीसगडच्या माणसाला हे लगेच कळावं. ॲल्युमिनियम म्हणजे कोरबा, पोलाद म्हणजे भिलाई. ग्यॉर नावाच्या हंगेरियन गावात तयार झालेल्या गाडीत आपल्या राज्याचा नकाशा निघावा, याचं भाऊजींना भारी कौतुक.

ॲल्युमिनियमही ऑक्सिजनकडे धावतं, लोखंडापेक्षा जोरात. पण त्याच्यावर येणारा ऑक्साइडचा थर अतिशय पातळ आणि घट्ट असतो. तो खालच्या धातूला झाकतो, ओरखडा पडला की क्षणात पुन्हा भरून येतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत, पापुद्रे सुटणारा. तो खालच्याला उघडंच ठेवतो. दोघांची जात एक, स्वभाव निराळा.

खरी भीती दोघं भेटतात त्या सांध्याची. दोन वेगळे धातू, मध्ये ओल आणि क्षार, म्हणजे बॅटरी झाली. त्या बॅटरीत बळी जातो ॲल्युमिनियमचा. म्हणून कारखान्यात हे सांधे रिव्हेट मारून, चिकटद्रव्य भरून, वरून लेप देऊन बंद केलेले असतात. तो लेप आता सतरा-अठरा उन्हाळे जुना आहे. मे महिन्यात भिलाईचा पारा पंचेचाळिसाकडे जातो, जूनअखेर धो धो पाऊस. धातू फुगतात, आकसतात, आणि तेही सारख्या प्रमाणात नाही. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. दर पावसाळ्यानंतर भाऊजी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतात ते हा सांधा पाहायला. पाठीवर झोपलेले भाऊजी बघायला शेजारची पोरं जमतात.

इंजिनाकडे वळू. दोन लिटरचं, २०० अश्वशक्तीचं, टर्बोवालं. टर्बो म्हणजे लोहाराचा भाता, आणि तो हलवणारा हात म्हणजे इंजिनाचाच निघून चाललेला धूर. तो धूर एक चक्र फिरवतो, चक्र ताजी हवा दाबून आत कोंबतं, जास्त हवेत जास्त पेट्रोल जळतं. भाऊजी म्हणतात, झोतभट्टी हेच करते: तिच्याच तोंडातून निघालेल्या वायूवर स्टोव्ह तापवतात, आणि त्या स्टोव्हमधून गेलेली गरम हवा पुन्हा तिच्याच पोटात. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतं आणि त्याचा दांडा तरंगतो तेलाच्या एका पातळ पदरावर. जोरात हाणून आणलेली गाडी दारात येताच बंद केली तर ते तेल तिथेच करपतं. म्हणून ताईने फाटक उघडल्यावरही भाऊजी मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसून राहतात. ताईला वाटतं, गाणं संपायची वाट बघताहेत.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांची एक जुनी खोड आहे. आत येणाऱ्या हवेच्या वाल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तो धुतला जात नाही आणि तेलाच्या वाफेची काजळी त्याच्यावर चढत जाते. ती काढायची एक रीत ऐकून मी हसलो होतो: अक्रोडाच्या टरफलांचा भुगा, दाबलेल्या हवेने. वाळू मारली तर धातू खरवडेल. टरफल काजळीपेक्षा कठीण आणि वाल्व्हपेक्षा मऊ, अगदी मधलं. सुक्या मेव्याचा असा उपयोग आमच्या आजीला पटला नसता.

सगळ्यात मला भुलवलं ते मात्र शॉकअबसॉर्बरांनी. भाऊजींच्या गाडीत चुंबकीय आहेत. आत तेल, आणि त्या तेलात काही मायक्रॉनचे लोखंडाचे कण. वीज दिली की चुंबकक्षेत्रात ते कण साखळ्या करून उभे राहतात आणि पातळ तेल काही मिलिसेकंदांत दाट होतं. वीज काढली की पुन्हा पातळ. टाउनशिपच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर दर थोड्या अंतरावर गतिरोधक, आणि ही गाडी तो तिरकी होऊन, एकेक चाक चढवत पार करते, पोट घासू नये म्हणून. तेवढ्या वेळात चारही कोपऱ्यांत लोखंड किती वेळा उभं राहून बसलं असेल! पण तेच कण सीलला कानसही मारत असतात. सील गळायला लागलं की खर्चाचा आकडा भाऊजी ताईला रविवारी सांगत नाहीत.

बाकी म्हातारपण सगळ्या गाड्यांचं सारखंच. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. डॉट ४ तेल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पुरेसं पाणी प्यायल्यावर १५५ पुरे, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं. टायरवरचे चार आकडे वाचायचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, खाचा कितीही खोल दिसोत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, आणि जुन्या रबरी नळ्यांना त्याची सवय नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, आणि आयात केलेल्या गाडीला त्याचे पैसे जास्त. हे सगळं किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर चालतं. झाकून ठेवलेली गाडीही म्हातारी होतेच, बहुधा लवकर, कारण पडून राहिलेलं रबर कडक होतं आणि थांबलेलं तेल वर चढत नाही. म्हणून भाऊजी दर रविवारी जी. ई. रोडने राजनांदगावपर्यंत जाऊन येतात. काम काहीच नसतं.

गेल्या वेळी निघताना त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेल्या चार छोट्या पोलादी वाट्या दाखवल्या. अंगठ्यावर टोपणासारखी बसेल एवढी एकेक. इंजिनाच्या कॅमशाफ्टमधला आणि पेट्रोलला शंभर बारच्या वर दाब देणाऱ्या पंपामधला हा मध्यस्थ. पंपाचे तीन बोल्ट सोडले की हातात येतो. त्याच्या तोंडावर हिऱ्याच्या जातीच्या कठीण कार्बनचा काळा थर असतो, कॅम त्याच्यावर मिनिटाला हजारो वेळा घासतो. थर गेला की खालचं पोलाद, पोलाद गेलं की भोक. म्हणून ठरावीक अंतराने काढून बघायचं, एवढंच.

प्रत्येकीच्या पोटात भाऊजींनी मार्करने किलोमीटर लिहिले होते. पहिलीचं तोंड पूर्ण काळं. दुसरीवर चंदेरी कडं. तिसरीवर चवलीएवढं चकाकतं वर्तुळ. चौथी मी उचलली तर मधोमध सुपारीएवढा खड्डा, आणि खड्ड्याच्या काठावर, जिथे तेल वाळलं होतं, तांबूस पावडर.

“ही आधीच्या मालकाच्या काळातली,” भाऊजी म्हणाले आणि ती माझ्या हातातून घेऊन, फुंकर न मारता, होती तशी कट्ट्यावर ठेवली.