रबराचे दूध

कोट्टयमजवळचा रबराचा मळा पाहावयास निघालेल्या कुटुंबाने मुलांना पहाटेच उठवावे. कारण ऊन चढले की झाडाचा चीक मंदावतो. सुमारे सात वर्षे वाढलेल्या झाडाच्या सालीवर कामगार सुरीने तिरपी खाच घेतो. पांढरा चीक ओघळून करवंटीत ठिबकतो. त्यात रबर साधारण एकतृतीयांश, बाकी बहुतेक पाणी. फॉर्मिक आम्ल मिसळून ठेवले की काही तासांत तो दह्यासारखा घट्ट होतो. मग तो रुळांत लाटून, धुराच्या उबेवर सुकविला की तपकिरी रबर तयार होते.

खरे कसब मात्र त्या सुरीचे. ती आतल्या लाकडाला लागली, तर नवी साल गाठाळ येते व तेथून पुन्हा चीक काढणे कठीण होते. हात आवरला, तर हेच झाड वीसपंचवीस वर्षे दूध देते.