जीआरबी २२१००९ए

जीआरबी २२१००९ए हा ९ ऑक्टोबर २०२२ रोजी नोंदला गेलेला गॅमा किरण स्फोट आहे. गॅमा किरण स्फोटांची नोंद सुरू झाल्यापासून आजवर आढळलेल्या स्फोटांपैकी तो सर्वांत तेजस्वी मानला जातो. तो शर तारकासमूहाच्या दिशेने दिसला. त्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत येण्यास सुमारे १९० कोटी वर्षे लागली. मूळ स्फोट काही मिनिटांत ओसरला, परंतु त्याची मंदावत जाणारी उत्तरदीप्ती जगभरच्या दुर्बिणींनी पुढे अनेक महिने न्याहाळली.

नाव

‘जीआरबी’ ही गॅमा किरण स्फोटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. पुढील सहा अंकांतून वर्ष, महिना व दिनांक कळतो. त्यानुसार २२१००९ म्हणजे २०२२ सालातील दहाव्या महिन्याची नववी तारीख होय. शेवटचे अक्षर त्या दिवशीच्या स्फोटांतील क्रम दर्शवते.

पार्श्वभूमी

गॅमा किरण स्फोट प्रथम २ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी टिपला. हे उपग्रह अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी सोडलेले होते. या शोधाची वार्ता १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्फोट अल्पजीवी आणि त्यांची नेमकी जागा अनिश्चित, त्यामुळे ते किती अंतरावर घडतात याचा निर्णय त्यानंतर सुमारे पाव शतक होऊ शकला नाही. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी बेप्पोसॅक्स या उपग्रहाने एका स्फोटाची क्ष-किरणांतील उत्तरदीप्ती पकडली आणि त्याच जागी दृश्य प्रकाशातही मंदावणारा बिंदू सापडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील स्फोटाच्या उत्तरदीप्तीच्या वर्णपटावरून हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे घडतात हे सिद्ध झाले.

सामान्यतः दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारे स्फोट दीर्घ, तर त्याहून कमी काळ टिकणारे लघु मानले जातात. दीर्घ स्फोट बहुधा महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनताना होतात. लघु स्फोटांचा संबंध दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाशी जोडला जातो. जीआरबी २२१००९ए हा दीर्घ प्रकारचा आहे.

शोध

भारतीय प्रमाणवेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मी अवकाश दुर्बिणीने या स्फोटाची पहिली नोंद केली. तीव्रता इतकी होती की अनेक उपग्रहांवरील शोधक काही काळ संपृक्त झाले, म्हणजे येणारे सर्व किरण मोजण्याची त्यांची क्षमताच संपली. सुमारे ५३ मिनिटांनंतर स्विफ्ट उपग्रहाला त्याच जागी तेजस्वी स्रोत आढळला. ही दिशा आकाशगंगेच्या प्रतलालगत असल्याने हा आपल्याच आकाशगंगेतील एखादा स्रोत असावा असे प्रारंभी वाटले व त्याला तसे नावही दिले गेले. फर्मीच्या नोंदीशी सांगड घातल्यावर स्विफ्टला दिसली ती उत्तरदीप्ती होती, हे स्पष्ट झाले. वर्णपटातील रेषांवरून मोजलेली ताम्रसृती ०.१५१ भरली आणि अंतराचा प्रश्न निकाली निघाला.

सातारा-सांगलीच्या आकाशातील स्थान

तो दिवस कोजागरी पौर्णिमेचा होता. स्फोटाचे किरण पृथ्वीवर पोहोचले तेव्हा सातारा व सांगली येथे सूर्य मावळून सुमारे अर्धा तास झाला होता आणि शर तारकासमूह या भागाच्या जवळजवळ माथ्यावर होता. स्फोटाचे स्थान दोन्ही शहरांच्या खस्वस्तिकापासून पाच अंशांच्या आतच येते. श्रवण नक्षत्राच्या ठळक ताऱ्याच्या किंचित उत्तरेस हा लहानसा तारकासमूह आढळतो. म्हणजे पश्चिम महाराष्ट्र त्या क्षणी थेट स्फोटाला सामोरा होता. तरीही चंद्र पाहण्यासाठी गच्चीवर जमलेल्यांना काही दिसणे शक्य नव्हते. गॅमा किरण वातावरणातच शोषले जातात आणि त्यांना डोळा टिपू शकत नाही. दृश्य प्रकाशातील उत्तरदीप्ती तासाभरानंतर सुमारे सतराव्या प्रतीची होती. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून ती दहा हजार पटींहूनही अधिक अंधुक ठरते. वाटेतील आकाशगंगेच्या धुळीने ती आणखी मंद केली होती.

उत्तरदीप्तीचे स्वरूप

स्फोटातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघालेला द्रव्याचा झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो व आघात तरंग निर्माण होतो. त्यातील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळसे घेत क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत सर्व तरंगलांबींचे प्रारण सोडतात. हीच उत्तरदीप्ती होय. झोत मंदावत जातो तशी तीही ओसरते.

स्थूल मानाने दृश्य प्रकाशातील तेज काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते असे मानले, तर एका तासानंतरच्या तेजाचा दहावा भाग दहा तासांनी उरतो आणि शंभरावा भाग शंभर तासांनी, म्हणजे सुमारे चार दिवसांनी. पुढे ही घट बहुधा अधिक वेगवान होते. म्हणून पहिल्या काही तासांतील निरीक्षणे मोलाची असतात; ती हुकली तर पुन्हा मिळत नाहीत. याउलट रेडिओ लहरींमधील उत्तरदीप्ती उशिरा शिखर गाठते व महिनोन्‌महिने टिकू शकते.

पाठपुरावा निरीक्षणे

उपग्रहाने स्फोटाची जागा कळवली की ती सूचना तत्काळ जगभरच्या वेधशाळांना मिळते. एका ठिकाणी दिवस उजाडला वा ढग आले की निरीक्षणाची धुरा दुसऱ्या रेखांशावरील दुर्बिणीकडे जाते. जीआरबी २२१००९एच्या वेळी चीनमधील ल्हासो वेधशाळेने पहिल्या सुमारे ३,००० सेकंदांत ६४,००० हून अधिक अत्युच्च ऊर्जेचे फोटॉन नोंदवले. स्विफ्ट व एक्सएमएम-न्यूटन या उपग्रहांना उत्तरदीप्तीभोवती क्ष-किरणांची वलये दिसली. आकाशगंगेतील धुळीच्या ढगांवरून परावृत्त झालेले किरण थोडा वळसा घेऊन उशिरा पोहोचल्याने ही वलये उमटतात व त्यांवरून त्या ढगांची अंतरे काढता येतात.

अशा कामात महाराष्ट्रातील संस्थांचा सहभाग उल्लेखनीय आहे. लडाखमधील हानले येथील ०.७ मीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया ही स्वयंचलित दुर्बीण मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून उभारली. जीआरबी २२१००९एची उत्तरदीप्ती तिनेही टिपली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील सीझेडटीआय या उपकरणाच्या घडणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची आयुका यांचा वाटा आहे. या उपकरणाने ६ ऑक्टोबर २०१५ रोजी आपला पहिला गॅमा किरण स्फोट नोंदवला.

जानेवारी २०१७ मधील एका घटनेत या उपकरणाचा विशेष उपयोग झाला. ४ जानेवारीला गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या व त्याच दिशेच्या संभाव्य क्षेत्रात वेगाने मंदावणारा एक प्रकाशबिंदू सापडला. दोहोंचा संबंध असता, तर दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून प्रकाश निघाल्याचा तो पुरावा ठरला असता. परंतु सीझेडटीआयच्या नोंदी व इतर निरीक्षणे एकत्र पाहता, तो बिंदू लहरींनंतर सुमारे २० तासांनी घडलेल्या जीआरबी १७०१०५ए या वेगळ्याच स्फोटाची उत्तरदीप्ती असल्याचे दिसून आले. दोन्ही घटनांची दिशा जुळणे हा योगायोग होता.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून झालेल्या जीआरबी १७०८१७ए या लघु स्फोटाचा तिने सुमारे पाच महिने मागोवा घेतला. कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींमध्ये त्याची उत्तरदीप्ती सुमारे ६० दिवसांनंतर प्रकट होऊ लागली.

अतिनवतारा

दीर्घ स्फोटानंतर काही आठवड्यांत त्याच जागी अतिनवतारा उजळणे अपेक्षित असते. येथे तेजस्वी उत्तरदीप्ती व धूळ यांमुळे तो ओळखणे अवघड गेले. सुमारे सहा महिन्यांनंतर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात अतिनवताऱ्याच्या खुणा सापडल्या. त्याला एसएन २०२२एक्सआयडब्ल्यू असे नाव आहे. सोने व प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा स्फोटांत घडत असावीत असा एक तर्क आहे. परंतु या वर्णपटात त्यांची चिन्हे आढळली नाहीत. जड मूलद्रव्ये कोठे घडतात हा प्रश्न त्यामुळे खुलाच आहे.

पृथ्वीवरील परिणाम व महत्त्व

इतक्या दूरच्या स्फोटाने पृथ्वीच्या आयनांबरात मोजण्याजोगा क्षोभ निर्माण केला. भारतातील वीज नोंदवणाऱ्या उपकरणांनाही त्याची चाहूल लागली. जीवसृष्टीला मात्र काही अपाय झाला नाही. इतका तेजस्वी स्फोट सुमारे दहा हजार वर्षांतून एकदाच पृथ्वीवरून दिसावा असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यामुळे त्या पहिल्या तासांत व पुढील महिन्यांत गोळा झालेल्या नोंदी हाच पुढील पिढ्यांतील अभ्यासकांसाठी या घटनेचा एकमेव ठेवा राहणार आहे.