उपनगरातील घर : पेढी, शाळा आणि सूर्यास्ताचा हिशेब

मुंबईतील अनेक जैन व्यापारी घराण्यांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत निवास आणि व्यवसाय यांच्यामध्ये जिन्याच्या काही पायऱ्यांचेच अंतर असे. काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी, मसजिद बंदर या भागांत खाली किंवा शेजारच्या गल्लीत पेढी आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड, अशी रचना होती. सकाळी गोडीजी पार्श्वनाथांच्या देरासरात पायी जाऊन पूजा करावी, नंतर पेढी उघडावी, दुपारी घरी जेवावे आणि सूर्यास्तापूर्वी चौविहार करून पुन्हा गादीवर बसावे, हा क्रम कोणी ठरवून आखलेला नव्हता. जागेच्या जवळिकीने तो आपोआप घडत असे. कुटुंबे वाढली, खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली, भाईंदर, डोंबिवली या दिशांनी स्थलांतर सुरू झाले. जागा मिळाली, हवा-उजेड मिळाला. मात्र जो क्रम पूर्वी आपोआप पाळला जात होता, तो आता विचारपूर्वक जुळवावा लागतो. घर निवडण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ चौरस फुटांचा राहत नाही.

पहिला विचार पेढीचा करावा लागतो, कारण बाजारपेठाही जागच्या जागी राहिलेल्या नाहीत. धान्य, मसाले आणि सुका मेवा यांचा घाऊक व्यापार मोठ्या प्रमाणावर वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत गेला. हिऱ्यांचा व्यापार ऑपेरा हाऊसहून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये स्थिरावला. पोलादाचा बाजार कळंबोलीला गेला. कापड आणि दागिन्यांच्या पेढ्या मात्र आजही मूळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट आणि झवेरी बाजार यांच्या परिसरात आहेत. त्यामुळे एकाच उपनगरातील समान किमतीची दोन घरे दोन व्यापाऱ्यांना सारखी सोयीची ठरत नाहीत. वाशीत गाळा असणाऱ्यास मुलुंडहून ऐरोलीच्या पुलाने अथवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने जाणे सोपे पडते. काळबादेवीत पेढी असणाऱ्यास चर्नी रोड किंवा मरीन लाइन्स स्थानक जवळ, म्हणून पश्चिम रेल्वेवरचे उपनगर अधिक सोयीचे ठरू शकते. ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली असून तिच्यावर काळबादेवी आणि वांद्रे-कुर्ला संकुल ही दोन्ही स्थानके आहेत. मरोळ नाक्यावर ती घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रोला मिळते. दहा वर्षांपूर्वी ज्या घराचा विचारही झाला नसता, ते घर अशा बदलामुळे आवाक्यात येते.

अंतर किलोमीटरमध्ये न मोजता उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत लागणाऱ्या वेळात मोजावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून घाटकोपर सुमारे 19, मुलुंड सुमारे 31 आणि डोंबिवली सुमारे 48 किलोमीटर आहे. पण हे आकडे अर्धीच माहिती देतात. मध्य रेल्वेच्या जलद लोकल मसजिद स्थानकात थांबत नाहीत. मसजिद बंदरच्या व्यापाऱ्यास एक तर धिम्या गाडीने यावे लागते, अथवा पुढे टर्मिनसवर उतरून मागे फिरावे लागते. घरापासून स्थानकापर्यंतची रिक्षा, पूल चढण्याची गर्दी, पावसाळ्यात रुळांवर साचणारे पाणी, हे सर्व त्यात मिळवले की जाहिरातीतील ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ या शब्दांचा खरा अर्थ कळतो. घर पसंत पडल्यावर बयाणा देण्यापूर्वी कामाच्या दिवशी, नेहमीच्या वेळी, किमान तीन-चार वेळा तो प्रवास करून पाहावा. रविवारी दुपारी मोटारीतून केलेली पाहणी याला पर्याय ठरत नाही.

या हिशेबात जैन कुटुंबासाठी आणखी एक घड्याळ असते, ते सूर्याचे. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो, तर जूनअखेर तो सव्वासातच्या पुढे जातो. पेढी साडेसातला मिटत असेल, तर चौविहार पाळणाऱ्या गृहस्थास वर्षातील कोणत्याही ऋतूत घरी येऊन सूर्यास्तापूर्वी जेवता येणार नाही, मग घर दादरला असो वा डोंबिवलीला. अनेक पेढ्यांवर सायंकाळचा डबा येतो आणि व्रत सांभाळले जाते. परंतु त्याबरोबर कुटुंबाचे एकत्र भोजन सुटते, याचीही नोंद घ्यावयास हवी. वडील नऊ वाजता घरी पोहोचतात, तेव्हा लहान मुले झोपलेली असतात. त्यांची भेट रविवारपुरती उरते. घर पाऊण तास जवळ असले, तर जेवणाची वेळ साधली नाही तरी प्रतिक्रमणासाठी वा मुलांच्या अभ्यासासाठी अर्धा तास हाती राहतो. हा अर्धा तास विकत घ्यावयाचा की एक जास्तीची खोली, हा निवडीतील खरा प्रश्न असतो, आणि तो घरातील सर्वांसमोर मोकळेपणाने मांडला गेला पाहिजे.

शाळेच्या बाबतीत नावलौकिकापेक्षा नित्याची व्यवस्था अधिक पाहावी. सकाळी सातची शाळा आणि बसमध्ये एक तास, असे असेल तर मूल सहाच्या आत घर सोडते. हिवाळ्यात मुंबईचा सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्यानंतर 48 मिनिटांनी नवकारशी पाळण्याचा संस्कार अशा मुलास कसा लावावयाचा, याचा विचार आईवडिलांनी आधीच केलेला बरा. शाळा निवडताना मैदान आहे काय, वर्गात विद्यार्थी किती, शिक्षक वारंवार बदलतात काय, पर्युषणात परीक्षा आल्यास सवलत मिळते काय, डब्याची सक्ती आहे की उपाहारगृहाची, हे प्रश्न तेथील पालकांना विचारावेत. राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ किंवा आंतरराष्ट्रीय मंडळ यांची निवड मुलाच्या पुढील मार्गाशी जोडावी. सोसायटीतील इतरांचे अनुकरण करून ती करू नये. दृष्टी दहावीशी थांबवू नये. अकरावीपासून मूल स्वतः प्रवास करू लागते. घाटकोपरच्या कुटुंबास विद्याविहारची सोमय्या महाविद्यालये, मुलुंडच्या कुटुंबास वझे-केळकर महाविद्यालय जवळ आहे. वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्या आणि सनदी लेखापालाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना महाविद्यालय, शिकवणी आणि पेढीवरचा अनुभव ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात गाठावी लागतात.

तिसरा विचार घरातील वृद्धांचा. घर पाहावयास तरुण जातात. मात्र दिवसाचे सर्वाधिक तास त्या घरात आजी-आजोबा काढतात. ज्यांनी पन्नास वर्षे रोज पायी देरासरात जाऊन पूजा केली, त्यांना नव्या ठिकाणी मोटार आणि चालक यांवर अवलंबून राहावे लागले, तर त्यांचा दिवसच हरवतो. देरासर, उपाश्रय किंवा स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे काय, एवढे विचारून भागत नाही. उपनगरे रेल्वेमार्गाने पूर्व-पश्चिम दुभंगलेली आहेत. नकाशावर शेजारी दिसणारे देरासर रुळांच्या पलीकडे असेल, तर पूजेच्या वस्त्रांत पुलाच्या पायऱ्या चढणे वृद्धांना शक्य होत नाही. चातुर्मासात साधू-साध्वीजी महाराजांचे वास्तव्य जवळ असेल, तर गोचरीचा लाभ, व्याख्यान आणि मुलांची पाठशाळा हे सर्व घरबसल्या जुळते. जुन्या शेजारातील एखादे-दोन परिचित कुटुंबही त्याच परिसरात असेल, तर वृद्धांचे मन लवकर रमते.

सोसायटी निवडताना आहाराच्या समानतेचा विचार अनेक कुटुंबे करतात. आपल्या स्वयंपाकघराची मर्यादा सांभाळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. तथापि केवळ तेवढ्याच निकषावर घर घेतले आणि इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, पाणीपुरवठा, उद्वाहनाची स्थिती, देखभाल खर्च यांकडे दुर्लक्ष झाले, तर पश्चात्ताप वाट्याला येतो. शेजारी निराळ्या धर्माचे वा निराळ्या भाषेचे असले, तरी रात्री-अपरात्री धावून येणारे असतील, तर तोही मोठा आधारच होय.

शेवटी भांडवल. व्यापाऱ्याचे घर आणि नोकरदाराचे घर यांत एक मूलभूत भेद आहे. नोकरदाराचा हप्ता पगारातून जातो. व्यापाऱ्याचा हप्ता पुष्कळदा खेळत्या भांडवलातून जातो. मंदीच्या दोन हंगामांत उधारी अडकली, तर मोठे घरच पेढीवरचे ओझे होते. म्हणून मंदीच्या वर्षातील उत्पन्न धरून हप्ता ठरवावा. भुलेश्वरची पागडीची खोली सोडून पैसा उभारावयाचा असल्यास घरमालकाचा वाटा वजा जाता हाती नेमके काय येते, तसेच इमारतीच्या पुनर्विकासाचे काय चालले आहे, याची चौकशी केल्यावाचून घाई करू नये. नव्या बांधकामात घर घेताना स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. या कायद्याची मुख्य कलमे 1 मे 2017 पासून लागू असून नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही, आणि क्षेत्रफळ चटई क्षेत्रानुसारच सांगावे लागते. ओळखीच्या व्यक्तीचा प्रकल्प आहे म्हणून कागदपत्रे न पाहता रक्कम देण्याची रीत आपल्या समाजात आहे. विश्वास आणि कागद एकमेकांना बाधत नाहीत, हे जाणून ती सोडलेली बरी.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांत क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख अगदी आरंभी येतो. दिग्व्रतात जाण्यायेण्याच्या मर्यादेचा विचार आहे. किती जागा पुरे आणि रोज किती दूर जावे, हे दोन्ही प्रश्न आजच्या खरेदीदारासमोर नव्या रूपात उभे आहेत. घर ठरविण्यापूर्वी कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसून प्रत्येकाचा दिवस, आजोबांच्या पूजेपासून नातीच्या शिकवणीपर्यंत, तासागणिक कागदावर मांडावा. सुनेचा दिवसही त्यात असावा, कारण मुलांना शाळेत पोहोचविणे, भाजी-दूध आणणे आणि वृद्धांना वैद्यांकडे नेणे ही कामे बहुधा तिच्याच वाट्याला येतात आणि मत मात्र तिला शेवटी विचारले जाते. अशा कागदावर ज्या घरात सर्वांचे दिवस थोडेथोडे जुळतात, ते घर एक खोली लहान असले तरी घ्यावे.