कल्याणचा बिशप आणि वैनगंगेचा काठ

ख्रिस्ती धर्म आपल्या देशात साहेबाच्या अमलाबरोबर आला, हा समज गोंदिया-भंडाऱ्याकडे सर्रास आढळतो, आणि या मुलखापुरते पाहिले तर तो अगदी निराधारही नाही. कारण स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, तेव्हा गादीवर भोसले असले तरी कामठीस इंग्रजांची छावणी होती. परंतु महाराष्ट्राचा त्या धर्माशी संबंध याहून सुमारे तेराशे वर्षांनी जुना आहे, आणि तो व्यापाराच्या गलबतांतून जुळला.

येशूला रोमन अधिकारी पिलात याच्या हुकमाने इ. स. ३० च्या सुमारास क्रुसावर चढवण्यात आले, तेव्हा त्याचे अनुयायी म्हणजे यहुदी समाजातील मूठभर माणसे होती. पण भूमध्य समुद्राच्या काठाने नगरोनगरी यहुद्यांची सभास्थाने होती, आणि पूर्वेकडील प्रांतांच्या शहरांत ग्रीक भाषा कारागिरापासून कारभाऱ्यापर्यंत चालत असे. म्हणून तंबू शिवून पोट भरणारा पौल करिंथ, इफिस अशा शहरांत गेला, तेव्हा त्याला दुभाष्याची गरज पडली नाही. देवालये नव्हती; जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण लुदिया हिच्यासारख्यांच्या राहत्या घरीच मंडळी जमत. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजान यास पत्र धाडून, हा पंथ शहरांतून खेड्यापाड्यांत शिरल्याचे हुजुरास कळवले. कॉन्स्टंटाइनची राजमान्यता मिळाली ती ३१३ साली, म्हणजे आणखी दोनशे वर्षांनी. राजाश्रयावाचून, किंबहुना छळ सोसून झालेला हा प्रसार मला त्या धर्माच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी भाग वाटतो.

त्याची दुसरी शाखा एडेसा नगरातून इराणात गेली. तिची धर्मभाषा सिरियाक. थोमा प्रेषित भारतात आल्याची कथा तिसऱ्या शतकात याच मंडळींत ग्रथित झाली, आणि तीतील राजा गुंदफर नाण्यांवरून ऐतिहासिक ठरला असला, तरी सबंध कथेला इतिहास मानणे धाडसाचे होईल. भक्कम पुरावा मिळतो तो सहाव्या शतकात: अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की, कल्लियाना येथे इराणातून नेमलेला बिशप आहे, आणि हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे अनेक संशोधक मानतात. ज्या कल्याणच्या दानशूरांची नावे कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत कोरलेली आहेत, त्याच बंदरात ही उपासनाही चालत होती. पुढे चौदाव्या शतकात इटालियन फ्रान्सिस्कन ओडोरिक ठाण्यास आला, तेव्हा त्याने तेथे नेस्टोरियन, म्हणजे याच इराणी शाखेच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरे नोंदवली.

इतक्या शतकांत केवळ पंधरा घरे! बौद्ध धर्म याच दक्षिणापथाच्या व्यापारी वाटांनी आत शिरून वैनगंगेच्या काठी पवनीस स्तूप उभारतो, आणि ख्रिस्ती उपासना मात्र खाडीच्या मुखाशीच अडकून पडते, याचे कारण माझ्या मते असे की, पवनीच्या शिल्पांवरील लेख लोकांच्या प्राकृतात आहेत, तर कोकणातील इराणी पाद्री सिरियाकमध्येच प्रार्थना म्हणत राहिले. रोमच्या साम्राज्यात पौलाला जे साधले, ते त्यांना येथे साधले नाही.

हिस्लॉपांनी ही चूक टाळली. ते मराठी शिकले, आणि गोंडांची भाषा व परंपरा जाणून घेण्यासाठी गावोगाव फिरले. १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाल्यावर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ मध्ये छापले, त्यांत गोंडांचा आदिगुरू लिंगो याचे गोंडी गीत आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडास ज्या लिंगोच्या श्रद्धेने गोंड समाज दरवर्षी लोटतो, त्याच लिंगोचे हे गीत एका परधर्मीयाच्या दफ्तरामुळे जपले गेले.

कागद जपले तरच असा इतिहास टिकतो; म्हणून १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्यात ज्यांच्या घरी वा प्रार्थनामंदिरात बाप्तिस्म्याच्या वा विवाहाच्या जुन्या नोंदवह्या असतील, त्यांनी त्या वाळवीच्या हवाली न करता त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, ही विनंती.