सायकलची वाट आणि गावाची मिळकत

रस्ता झाला की गावाचे भले झाले, असे आपण समजतो. पण रस्ता कोणासाठी झाला, हेही पाहावे लागते. समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. तो वाशीम जिल्ह्यातूनच जातो. परंतु त्यावरून भरधाव जाणारा मनुष्य मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावी कशासाठी उतरेल? सायकलस्वाराची गोष्ट निराळी. तो तासाला बारा-पंधरा किलोमीटर जातो. त्याला तहान लागते, भूक लागते, सावली हवी असते. म्हणूनच त्याचा पैसा वाटेवरच्या गावात पडतो.

बेल्जियममधील लिम्बुर्ग प्रांताने हे ओळखले. तेथील शेवटची कोळशाची खाण 1992 मध्ये बंद झाली. ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याने असे सुचविले की, खाणीतल्या वाटांप्रमाणे सायकलवाटांच्या नाक्यांनाही क्रमांक द्यावेत. 1995 मध्ये तसे जाळे तयार झाले आणि पुढे नेदरलँड्सनेही ते उचलले. प्रवाशाने चार आकडे टिपून घ्यावेत आणि निघावे, इतके ते सोपे आहे. मुख्य काम होते ते असलेल्या वाटा जोडण्याचे.

आपल्याकडे जोडण्याजोगे काय आहे? पांदण रस्ते आहेत. शेतकऱ्याच्या सोयीसाठी त्यांची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना 2021 मध्ये निघाली. बैलगाडीची वाट सुधारली तर सायकललाही ती पुरते. मंगरुळपीरचा दर्गा, बंजारा समाजाची पोहरादेवी, नृसिंह सरस्वतींचे कारंजे आणि कारंजा-सोहोळचे काळवीट ही मोठी ठिकाणे झाली. त्यांच्या मधल्या शिवारात पिवळ्या फुलांनी भरलेली तूर आणि फाल्गुनात पेटलेला पळस आहे, हे पाहावयास मोटारीतून उतरावेच लागते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते; वैशाखात ऊन सोसवत नाही. तेव्हा दिवाळीपासून होळीपर्यंतचेच दिवस आपले. बाभळीचा काटा तर बारमाही. म्हणून दर नाक्यावर क्रमांकाची पाटी, मधून मधून पिण्याचे पाणी आणि पंक्चर काढणारा माणूस, एवढी सोय आधी हवी. कमानी आणि उद्घाटने मागून.

वाशीम जिल्हा 2018 मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. अशा ठिकाणी जोडधंद्याचे चार रुपये लहान नव्हेत. मात्र ते कोणाच्या हाती जातात, हा खरा प्रश्न आहे. जेवण बाहेरच्या ठेकेदाराचे आणि धूळ तेवढी गावाची, असे झाले तर वाट न केलेली बरी. भाकरी-पिठले गावच्या बचत गटाचे असावे, वाट कोठून न्यावी हे ग्रामसभेने ठरवावे आणि पाहुण्याने कोणाच्या शेतातला हरभरा न विचारता उपटू नये. यंदा वीस-पंचवीस किलोमीटरची एकच फेरी आखावी. शहरातील आपण मंडळींनी ती पुरी करावी, खाल्ल्याचे दाम मोजावे आणि शेतकऱ्याला विचारावे, आमच्या येण्याने तुमचे काही बिघडले का? त्याचे उत्तर ऐकूनच दुसरी फेरी आखावी.