कार्डावरचे दोन आकडे
(गरोदरपण समजून घेताना : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण हिमोग्लोबिनविषयी बोललो. रक्त कमी असलं की दम लागतो, थकवा येतो, शरीर काहीतरी सांगतं. रक्तदाबाचं तसं नाही. १५०/१०० दाब असलेली गरोदर बाई धुणीभांडी उरकून 'मला काहीच होत नाही' म्हणते, आणि ते खरंही असतं. म्हणून इथे जाणवण्यावर विसंबता येत नाही, मोजावंच लागतं.

विसाव्या आठवड्यानंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, आणि काही तासांनी पुन्हा मोजूनही तसाच राहिला, तर तो वाढलेला दाब. सोबत लघवीतून प्रथिनं जात असतील तर डॉक्टर 'प्रीएक्लॅम्प्सिया' म्हणतात. १६०/११०च्या पुढे गेलं की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

याचं मूळ वारेत असतं. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावून वारेला भरपूर रक्त मिळायला हवं. ते झालं नाही, की वारेतून सुटणारे पदार्थ आईच्या साऱ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात आणि मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांनाच झळ पोचते. तेव्हा 'टेन्शन घेतेस म्हणून बीपी वाढलं' हा घरातला ठपका निव्वळ अन्याय आहे. आणि ताटातलं मीठ काढून घेतल्यानेही हा आजार टळत नाही.

आपल्याकडची एक अडचण मात्र पुस्तकात सापडत नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि पहिलटकरीण माहेरी जाते. पहिल्या खेपेला हा धोका जास्त, तोही शेवटच्या तिमाहीत, आणि नेमकं तेव्हाच गाव, दवाखाना, आशाताई सगळं बदलतं. ओटीचं सामान आठवणीने बांधलं जातं, माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहतं. नव्या डॉक्टरांना आधीचा दाबच ठाऊक नसेल, तर वाढ झाली हे कळणार कशावरून? पोचल्यावर त्या गावच्या आशाताईकडे नाव सांगावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते.

पायावरची सूज गरोदरपणात अनेकींना येते. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं न थांबता दुखू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, किंवा बरगड्यांखाली उजवीकडे दुखलं, तर थांबू नये. हे शेवटचं दुखणं तर 'ॲसिडिटी' म्हणून सोड्यावर निभावलं जातं, आणि तिथेच वेळ जातो. झटके आले तर बाईला डाव्या कुशीवर वळवून १०८ला फोन करायचा. बाहेरचं लागलं म्हणून अंगारा शोधत बसायचं नाही. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन यावर जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १०,००० बायकांच्या 'मॅगपाय' चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला.

आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल बाळाला घातक ठरू शकतात, आणि लॅबेटॅलॉल, मिथिलडोपा, निफेडिपिन हे पर्याय आहेत. आधीच्या खेपेला हा त्रास झालेल्यांना, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन बाराव्या आठवड्यानंतर लवकरच सुरू करतात. ती मनाने घ्यायची नाही.

बाळंतपण झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. सव्वा महिन्यात डोकं दुखलं की 'वारं लागलं' म्हणून कानाला रुमाल बांधण्याआधी दाब मोजून घ्या.

पुढच्या तपासणीला सिस्टरने पट्टा सोडला की 'नॉर्मल आहे' एवढ्यावर उठू नका. दोन्ही आकडे विचारा आणि कार्डावर लिहिलेत का, ते पाहूनच निघा.